लांब गाडीवरचा मुराळी

मला लिहायची सवय नाही. नोकरी शाळेच्या ऑफिसात झाली, तिथं दाखले लिहिले, आणि ते सगळे एकाच छापाचे. आकारामबद्दल खरं तर एखाद्या चांगल्या लिहिणाऱ्यानं लिहायला हवं. पण चांगले लिहिणारे कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत फारसे येत नाहीत, गोठ्यांच्या वासानं त्यांना कसंतरी होतं. म्हणून मीच धीर करून लिहितो. चुकलं तर आकाराम सांगेलच, आणि ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल.

आकाराम माझ्या दारासमोर राहतो. दुधाचा धंदा. घराच्या पुढच्या अंगाला गोठा, आत स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. संध्याकाळी म्हशी गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात द्यायचं. सकाळी किटल्या भरून मोपेडवरनं घरोघरी रतीब घालायचा. वय बावन्न. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. आवाज असा, की तो त्याच्या घरात बायकोला हळू आवाजात काही विचारतो तेव्हा मला माझ्या घरातून उत्तर द्यावंसं वाटतं.

तर हा आकाराम आता रविवारी सकाळी रतीब आटोपला की काळं जाकीट चढवतो आणि गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमधून एक काळी, लांबलचक क्रूझर मोटारसायकल बाहेर काढतो. सीट बुटकी, हँडल रुंद, पाय पुढं सोडून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. पन्हाळ्याकडं, नाहीतर गगनबावड्याकडं जाऊन येतो. बघणाऱ्याला वाटतं, पन्नाशी उलटल्यावर गड्याला शौक सुचला. शौक नंतर आला. आधी सूड होता.

राजनंदिनी ही त्याची एकुलती एक मुलगी. औषधांच्या दुकानात बसण्याचं शिक्षण झालेली, बापासारखीच रुंद खांद्याची, पण बोलायला कमी. मलकापूरच्या हंबीररावांनी स्वतः होऊन तिला मागणी घातली. मलकापुरात बाजारपेठेतच त्यांची भाताची गिरणी आहे आणि गिरणीच्या मागं घर. मुलगा राजवर्धन सरळ होता, फक्त बापापुढं त्याचं तोंड उघडत नसे. लग्न वैशाखात झालं, चांगलं झालं. हंबीररावांनी मागितलं काही नाही. न मागितल्याचा मोठेपणा मात्र त्यांनी मांडवभर फिरून वसूल केला.

मग श्रावण आला. लग्नानंतरची पहिली पंचमी मुलीनं माहेरी करायची आणि तिला न्यायला माहेरचं माणूस जायचं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. त्या न्यायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. भाऊ असला तर भाऊ जातो. राजनंदिनीला भाऊ नाही, म्हणून आकाराम स्वतः निघाला. मोपेडवरनं.

मी म्हटलं, "आकाराम, पावसापाण्याचं एस.टी.नं जा."

"न्हाय तात्या. ह्याच गाडीवर दोन किटल्यांच्या मधी बसून शाळंला गेलीया ती. बोलत बोलत येऊ की बाप-लेक."

किटल्या अडकवायचे आकडे तेवढे त्यानं फडक्यानं पुसले. पुढं मलकापुरात जे झालं ते मला त्यानं सांगितलं, आणि पुढं राजनंदिनीनंही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की त्याच्या सांगण्यात हंबीरराव जास्त मोठ्यानं हसतात.

हंबीरराव गिरणीच्या कट्ट्यावर चार माणसांत बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांची स्वतःची क्रूझर उभी होती. तिला रोज सकाळी पुसायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही, मुलालासुद्धा नाही; आणि संध्याकाळी पेठेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायची, हा त्यांचा नेम. आकारामनं आपली मोपेड त्या गाडीच्या शेजारी लावली. तेवढंच निमित्त झालं.

"या पावणं," हंबीरराव म्हणाले. "आज रतीब हिकडं काढलासा व्हय?"

माणसं हसली. आकारामही हसला, चेष्टा आहे असं समजून. म्हणाला, "पोरीला न्यायला आलोय. पंचमी हाय न्हवं."

"ह्याच्यावरनं?" हंबीरराव उठले, मोपेडला एक प्रदक्षिणा घातली, वाकून वास घेतला. "अहो, ह्याला दुधाचा आंबूस वास मारतोय. हंबीररावाची सून किटलीच्या आकड्याला लोंबकळत पेठंतनं जाणार? तुमची पोरगी हुती तवा चाललं. आता ती आमची हाय."

"पाऊस उघडलाय, जाऊ की हळूहळू..."

"पावणं, माणसानं आधी आपली पायरी वाढवावी, मग मुराळी व्हावं. आमच्या दारात शोभंल अशी गाडी घेऊन या. त्याच मिनिटाला पोरगी मागं बसवतो. चार माणसांत सांगतोय, शब्द हाय माझा."

राजनंदिनी दारात बॅग घेऊन उभी होती. हिरवी साडी नेसलेली. राजवर्धन खांबाला टेकून फोनमध्ये बघत होता. आतून चहा आला आणि आकारामनं तो घेतला.

हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. "च्या प्यालो मी, तात्या. त्यांनी मला दारातनं हाकलला आणि मी बशीत वतून च्या प्यालो. कप खाली ठेवताना 'येतो' म्हणालो."

हंबीररावांनी 'उद्या आमच्याच गाडीनं लावून देतो' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी काही गाडी आली नाही. अंबूबाईनं, म्हणजे आकारामच्या बायकोनं, मागच्या आंब्याला झोका बांधून ठेवला होता. पंचमीच्या दिवशी गल्लीतल्या बायका खेळायला आल्या. झोक्यावर कुणी बसेना. शेवटी अंबूबाईनं विळ्यानं दोर कापला आणि आत जाऊन पुरणाचं पातेलं तसंच्या तसं म्हशीपुढं रिकामं केलं.

आठवडाभर आकाराम कुणाशी बोलला नाही. गल्ली इतकी शांत झाली की मला झोप लागेना. मग एके सकाळी तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "तात्या, त्याच्यापेक्षा लांब गाडी कुठं मिळंल?"

"कुणाच्यापेक्षा?"

"त्याच्या."

मी म्हटलं, चारचाकी कर एक दिवस भाड्यानं, काम झालं. तर म्हणाला, "भाड्याची हाय हे त्याला लांबनं वासावरनं कळंल. आणि चारचाकीत काच वर करून बसल्यावर कोण बघतंय? मला पेठंतनं जायाचंय. मला बघायला पायजेत सगळी."

शाहूपुरीत गुरुप्रसाद म्हणून एक बँकेतले अधिकारी राहतात, आकारामचं दूध त्यांच्याकडं जातं. ते आणि त्यांचे पाच-सहा समवयस्क रविवारी मोठ्या गाड्या काढून आंबा घाटाकडं नाश्त्याला जातात. त्यांनी नवी गाडी घेतली होती आणि जुनी क्रूझर विकायची होती. आकारामनं ती बघितली, सोबत नेलेल्या सुतळीनं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मापली आणि सुतळीला गाठ मारून खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी मलकापुरात गिरणी बंद असताना जाऊन हंबीररावांची गाडी मापून आला. गाठ चार बोटं पुढं गेली. सौदा ठरला.

त्यासाठी त्यानं गोठ्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस विकली. त्या दिवशी त्यांच्या घरातलं बोलणं मीच काय, मागच्या गल्लीनंही ऐकलं.

"अवं, डोस्कं फिरलंय का तुमचं?" अंबूबाई म्हणत होती. "दुभती म्हस इकून फटफटी? ह्या वयात?"

"मग कुठल्या वयात? मेल्यावर?"

"आणि सूड तुम्ही उगवणार, भोगणार कोण? पोरगी हाय त्येंच्या घरात!"

ह्यावर आकारामनं किटल्या आपटत घासायला घेतल्या. मग अंबूबाईनंच राजनंदिनीला फोन लावला, बहुतेक बापाला समजाव म्हणून सांगायला. पलीकडून मुलगी काय म्हणाली ते मला नंतर कळलं. सासरे रोज सकाळी तिला चहा मागताना 'रतीब आला का?' असं म्हणत, आणि घरातली सगळी हसत. आता तर पाहुण्यांसमोरही म्हणायला लागले होते. ती म्हणाली, "आई, मी भोगतोयच की. अप्पांना म्हणावं, घ्या गाडी."

फोन ठेवल्यावर अंबूबाईनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "आवाज मोठा हाय न्हवं त्या फटफटीचा?"

गाडी आली आणि आकारामची पंचाईत सुरू झाली. आयुष्यभर बिनगिअरची मोपेड, गुडघ्यांत किटल्या धरून चालवलेली. इथं पाय पुढं टाकायचे, गिअर पायानं, आणि धूड असं, की एकदा कलायला लागलं की सावरत नाही. गुरुप्रसाद रविवारी सकाळी त्याला शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्याला न्यायचे. मीही दोनदा बघायला गेलो होतो.

"जिथं बघाल तिथं गाडी जाणार," गुरुप्रसाद सांगायचे. "खड्ड्याकडं बघितलं की खड्ड्यात. वळणावर लांब बघा. नजर कुठं असते तुमची?"

"त्याच्या तोंडाकडं," आकाराम म्हणाला.

"कुणाच्या?"

"व्याह्याच्या."

"मग धडकाल एक दिवस त्याला."

"बघू की, जमतंय का."

तो चार-पाच वेळा पडला. गुडघा सोलला, डावा खांदा काळानिळा झाला, आणि तो तसाच रतीब घालायचा. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना पहिल्यांदा पाय टेकला म्हणून नापास झाला. बाहेर येऊन मला म्हणाला, "साहेबाचं तोंड हंबीररावासारखं हाय." दुसऱ्यांदा पास झाला.

पण सगळ्यात मोठी चूक त्यानं गल्लीत केली. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात हे बाहेरच्या माणसाला माहीत नसेल. म्हशींना शिंगांत मोरपिसं, अंगावर रंग, गळ्यात घुंगरांचे पट्टे. मालक मोटारसायकल घेऊन पुढं, गाडीचा मोठ्ठा आवाज काढायचा, आणि म्हैस त्या आवाजामागं धावायची. आकारामच्या म्हशी त्यात तयार. दरवर्षी तो कुणाची तरी मोटारसायकल आणि चालवायला कुणीतरी मागून आणायचा, आणि स्वतः मागं बसून म्हशींना हाका मारायचा. एवढं असताना एका सकाळी त्यानं क्रूझर गोठ्याच्या दाराशीच चालू केली आणि आवाज बघू म्हणून मूठ पिळली.

आत म्हशींना वाटलं, पाडवा आला.

दावी तुटल्याचा आवाज मी ऐकला. आकाराम गल्लीच्या तोंडाला पोचेपर्यंत चार म्हशी शेपट्या वर करून त्याच्या मागं. तो घाबरून वेग वाढवायचा, आवाज वाढायचा, म्हशी आणखी जोरात. थांबता येईना, कारण थांबलं तर त्या अंगावर. वळणावर त्यानं लांब बघायचं सोडून मागं बघितलं आणि गाडी सरळ भाजीवालीच्या मेथीत घातली. म्हशी आल्या, थांबल्या आणि मेथी खाऊ लागल्या. रस्त्यावरची माणसं पोट धरून हसत होती. मेथीत पडल्या पडल्या आकाराम काय म्हणाला असेल? "हसा, हसा. दिवाळीला मलकापूर हसंल."

त्यानंतर मात्र तो गाडी ढकलत गल्लीबाहेर न्यायचा आणि तिथं चालू करायचा.

दिवाळी जवळ आली. पहिली दिवाळी, म्हणजे पुन्हा मुराळी जाणार. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आकाराम हेल्मेट घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "तात्या, चला. मागं बसा."

मी एकाहत्तर वर्षांचा. म्हटलं, मी कशाला?

"गेल्या टायमाला त्याच्याकडनं चार माणसं हुती, माझ्याकडनं कोण न्हवतं. साक्षीदार पायजे. येताना तुम्ही एस.टी.नं या."

मला नाही म्हणता येत नाही, हा माझा स्वभाव. बसलो. मागं टेकायला होतं म्हणून बरं. केर्ली गेलं, बांबवडे गेलं. रस्त्याचं काम चाललेलं, धूळ, खडी, डंपर. आकाराम एका लयीत चालवत होता, ना वेग ना घाई. सूड घ्यायला निघालेला माणूस इतकं सावकाश जातो हे मला त्या दिवशी कळलं. त्याची पाठ ताठ होती. एकदाच ओरडून म्हणाला, "तात्या, आज च्या प्यायचा न्हाय!"

मलकापुरात शिरलो. दिवाळीचा बाजार भरलेला. आकारामनं गाडी पहिल्या गिअरवर घेतली आणि पेठेच्या ह्या टोकापासून धडधडत निघाला. माणसं बाजूला होत होती, वळून बघत होती. मला खूप लाजल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर, तितकंच बरंही वाटलं.

हंबीरराव कट्ट्यावरच होते. आकारामनं गाडी नेऊन त्यांच्या गाडीच्या शेजारी, चाकाला चाक लावून उभी केली. मी उतरलो. तो उतरला नाही. इंजिनही बंद केलं नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकून बसून राहिला.

हंबीररावांनी आधी गाडीकडं बघितलं, मग हेल्मेटच्या काचेत. आकारामनं काच वर केली.

"अरं तिच्या! पावणं!" ते म्हणाले. "कुणाची आणलीसा?"

"माझी हाय. कागद बघायचं असलं तर ह्यांच्यापाशी हाईत," माझ्याकडं बोट करून आकाराम म्हणाला. "पोरीला न्यायला आलोय. दारात शोभतीया का बघा."

गिरणीतली माणसं बाहेर आली. समोरचा कापडवाला दुकानातून खाली उतरला. आतून पाण्याचा तांब्या आला, चहा आला. आकारामनं हात जोडून मान हलवली. पुन्हा आग्रह झाला, पुन्हा मान हलवली. व्याह्यानं दारात येऊन पाणीसुद्धा घेऊ नये, ह्याचा अर्थ तिथल्या लहान पोराला कळत होता. हंबीररावांचा चेहरा उतरत गेला.

"अहो, पण दिवाळीची कामं हाईत घरात. उद्या-परवा आम्हीच..."

"शब्द दिला हुता तुम्ही. त्याच मिनिटाला, म्हणाला हुतासा."

कट्ट्यावरचा एक म्हातारा, पंचमीच्या दिवशीही तो तिथं असावा, हळूच म्हणाला, "म्हणाला हुता खरं, हंबीरराव."

राजनंदिनी बाहेर आली. तिची बॅग तयारच होती. मला वाटतं श्रावणापासून तशीच भरलेली असावी. आकाराम बसल्या जागेवरून म्हणाला, "पावणं, तेवढी बॅग बांधा मागं. मला उतरता येत न्हाय, गाडी जड हाय."

सगळी पेठ बघत होती. हंबीररावांनी बॅग घेतली, दोर घेतला आणि बांधायला वाकले. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली. राजनंदिनी मागं बसली, आणि जाताना आकारामनं मूठ अशी पिळली की गिरणीवरची कबुतरं उडाली.

मी मागं एकटाच राहिलो. कुणीतरी मला चहा विचारला. मीही नाही म्हटलं, हे मला अजून अभिमानानं आठवतं.

इथं बऱ्याच जणांचं समाधान झालं असतं. आकारामचं झालं नाही. मुलीला माहेरी आणायला मुराळी जातो. तिला परत न्यायला मात्र सासरचं माणूस यावं लागतं. तिकडं डोळे लावून तो बसला होता. पाडव्याला म्हशी पळवल्या, ह्या वेळी स्वतःच्या गाडीमागं. जावई पाडव्याला आला नाही. बापानं पाठवलं नसणार. राजनंदिनी त्या दिवशी जेवली नाही.

भाऊबीज झाल्यावर हंबीरराव आले. मोठी पांढरी चारचाकी घेऊन. गाडी आमच्या गल्लीत शिरेना, ती तोंडालाच लावली आणि शेणातून जपून पाय टाकत ते आकारामच्या दारात पोचले. आकारामनं त्यांना खाटेवर बसवलं, लाडू-चिवडा दिला, सगळा मानपान केला. मग विचारलं, "गाडी कुठाय?"

"ती काय, कोपऱ्याला."

"मग पोरगी कशात बसायची?"

"चालत येईल की तिथवर. चार पावलं तर हाईत."

"हंबीररावाची सून शेणातनं चालत जाणार?" आकारामनं आवाज उघडला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "न्हाय जमायचं. आमची पोरगी दारातनं बसून जाणार. आमच्या दारापर्यंत येईल अशी गाडी घेऊन या, त्याच मिनिटाला मागं बसवतो. माझाबी शब्द हाय."

हंबीरराव लालबुंद झाले. म्हणाले, "पावणं, चेष्टा म्हणायची का भांडण?"

"तुम्ही श्रावणात काय म्हणाला हुतासा, चेष्टा का भांडण? तेच समजा."

ते उठले आणि गेले. अंबूबाई दाराला टेकून रडू लागली. "झालं आता. पोरीचा संसार मोडतोय, आणि कशापायी, तर तुमच्या फटफटीपायी." मलाही वाटलं, ताणलं फार. आकारामही क्षणभर घाबरला. मुलीकडं बघू लागला.

राजनंदिनी चिवड्याच्या बश्या उचलत होती. म्हणाली, "संसार त्यांच्यासंगं न्हाय माझा. ज्याच्यासंगं हाय तो अजून आलाच न्हाय. त्यांनी स्वतःनं न्यायला यावं. तवर कितीबी गाड्या येऊ द्यात, परत लावून द्या."

दोन दिवसांनी दुपारी गल्लीच्या तोंडाला धडधड झाली. म्हशींनी कान टवकारले. हंबीरराव स्वतः, त्यांच्या क्रूझरवर. पेठेच्या दोन टोकांपलीकडं कधी न गेलेला माणूस मलकापूरपासून खडीच्या रस्त्यानं आला होता. मिशा धुळीनं पांढऱ्या, आखडलेले पाय जमिनीला टेकेनात. आकारामनं पुढं होऊन गाडी धरली म्हणून ते पडले नाहीत.

"आणली," ते म्हणाले. "दारापर्यंत आणली. लावून द्या आता पोरीला."

आकारामनं आत हाक मारली. राजनंदिनी पदर खांद्यावर घेऊन बाहेर आली, गाडीकडं बघितलं, मागच्या सीटकडं बघितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "मामंजी, मी तुमच्या मागं कशी बसू?"

हे गल्लीत कुणालाच आधी सुचलं नव्हतं. मलाही नाही, आकारामलाही नाही. सून सासऱ्याच्या मागं मोटारसायकलवर बसून कोल्हापुरापासून मलकापुरापर्यंत जाणार? पेठेतनं? हंबीररावांचं तोंड उघडं राहिलं. एवढा मोठा कारभारी माणूस, इरेला पेटून निघाला आणि साधी गोष्ट विसरला. पहिल्यांदा भाजीवाली हसली. मग खिडक्या हसल्या. मग आकाराम हसला, आणि तो हसल्यावर बाकी काही ऐकू येत नाही.

"पावणं," डोळे पुसत तो म्हणाला, "पोराला बोलवा."

हंबीररावांनी फोन केला. राजवर्धनला एस.टी.नं यावं लागलं. तोवर सारी दुपार हंबीरराव गोठ्याशेजारच्या खाटेवर बसून होते. म्हशी त्यांच्याकडं बघत होत्या, ते म्हशींकडं. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "आकाराम, पावणं कुठलं?" आणि आकाराम दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचा, हंबीररावांच्या समोर, मोपेडपासून. एकदाही कंटाळला नाही. मी गॅलरीत बसून सगळ्या खेपा ऐकल्या. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा राजवर्धन आला. बापाकडं न जाता आधी राजनंदिनीसमोर जाऊन उभा राहिला. ती म्हणाली, "फोन कुठाय?"

"खिशात."

"राहू दे खिशातच."

मग तो आकारामकडं वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, मी हिला न्यायला आलोय. आणि घरात हिला परत कोण रतीब म्हणालं, तर मी ऐकून घेणार न्हाय." बोलताना तो बापाकडं बघत नव्हता, पण बोलला.

आता किल्ली. हंबीररावांनी खिशातून ती काढली आणि हातात धरून ठेवली. ज्या गाडीला मुलाला कधी हात लावू दिला नव्हता, तिची किल्ली भर गल्लीत द्यायची होती. शेवटी दिली.

"क्लच हळू सोड," ते म्हणाले. "उजवीकडं ओढती ती."

"म्हाईत हाय, आबा."

"कसं म्हाईत?"

"तुम्ही बाजार समितीला गेलासा की मी चालवतो की."

हंबीरराव खाटेवर पुन्हा खाली बसले. राजवर्धननं गाडी वळवली, अगदी सफाईनं, त्या अरुंद गल्लीत एकदाही पाय न टेकता. आकाराम तोंडात बोट घालून बघत राहिला. राजनंदिनी आईच्या, बापाच्या पाया पडली, माझ्याही पडली, आणि मागं बसली. दोघं गेली.

गल्लीत हंबीरराव राहिले, हातात हेल्मेट घेऊन. अंधार पडायच्या आत त्यांना एस.टी. गाठायची होती. जरा वेळानं म्हणाले, "पावणं, स्टँडवर जरा सोडता का?"

आकारामनं विचार केल्यासारखं केलं. "सोडलं असतं, पण धारंची येळ झाली. जवळच हाय, चालत गेलासा तर अंधाराच्या आधी पोचाल." आणि बादली घेऊन गोठ्यात शिरला. हंबीरराव शेणातून वाट काढत गेले. ह्या वेळी त्यांनी तितकंसं चुकवलं नाही.

त्या संध्याकाळी आकाराम कट्ट्यावर म्हशी घेऊन गेला नाही. पहिल्यांदाच गिऱ्हाईक परत गेलं. दूध काढून तो माझ्या पायरीवर येऊन बसला. मी विचारलं, "झालं का समाधान?"

"झालं की." त्यानं चपलेचं शेण पायरीला पुसलं. "पण पंचमी गेली ती गेलीच की हो तात्या. ती कुठनं आणायची? ती फेडायची ऱ्हायलीया."

"म्हणजे काय करणार?"

"पुढच्या पंचमीला मुराळी जायाचंच हाय. आठवडाभर आधी फोन करणार, 'अमक्या दिवशी येतोय' म्हणून. दारात रांगोळी काढतील, माणसं गोळा करतील, त्यो नवं धोतर नेसून कट्ट्यावर बसंल. दिवसभर रस्त्याकडं बघत बसंल."

"आणि तू?"

"मी दुसऱ्या दिवशी जाणार," आकाराम म्हणाला, आणि असा हसला की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, मागची सीट जाताना रिकामीच असते, मला घेऊन जा.